चढण सर्वांची, हिशेब सर्वांपुढे

चैत्र आणि आश्विन या दोन्ही नवरात्रांत दुर्ग, भिलाई आणि राजनांदगाव परिसरातील असंख्य भाविक पायी डोंगरगडला जातात. दुर्गपासून डोंगरगड साठ-सत्तर किलोमीटर अंतरावर आहे. वाटेवर जागोजागी सेवाभावी मंडळी मांडव घालून बसलेली असतात. कोणी पाणी देतो, कोणी चहा-फराळ, तर कोणी थकलेल्या यात्रेकरूला घटकाभर टेकायला जागा देतो. अखेरीस माँ बमलेश्वरीच्या डोंगरावरील मंदिराच्या हजारांहून अधिक पायऱ्या चढायच्या असतात. ही यात्रा श्रद्धेची आहे, पैसा गोळा करणे हा तिचा हेतू नव्हे. तरीही तिच्यातून एक गोष्ट सहज ध्यानात येते. चालणाऱ्यांच्या मागे न चालणारी पुष्कळ माणसे उभी असतात, आणि ती नसतील तर चालणाऱ्यांची यात्रा अवघड होऊन बसेल.

या पाठात आपण अशाच, पण निराळ्या हेतूने केलेल्या सामूहिक चालीचा विचार करणार आहोत. काही माणसे एकत्र येतात, एखादा डोंगर चढण्याचा किंवा लांबची डोंगरवाट पायी तुडवण्याचा संकल्प जाहीर करतात आणि त्या संकल्पाच्या निमित्ताने नातेवाईक, शेजारी, सहकारी यांच्याकडून एखाद्या लोकोपयोगी कार्यासाठी पैसे जमवतात. रुग्णालय, शाळा, आपद्ग्रस्तांना मदत अशा कामांसाठी जगभर असे उपक्रम होत असतात. वरवर पाहता हे काम सोपे वाटते: चालायचे आणि मागायचे. प्रत्यक्षात येथे दोन मोठ्या जबाबदाऱ्या एकाच वेळी शिरावर येतात. आपल्या भरवशावर डोंगरात आलेली माणसे आणि आपल्या भरवशावर दिलेला पैसा, दोन्ही सुखरूप पोहोचवावी लागतात.

उपक्रमाची पूर्वपीठिका

या प्रकारच्या उपक्रमांपैकी एक सुप्रसिद्ध उपक्रम हाँगकाँगमध्ये सुरू झाला. १९८१ साली तेथील ब्रिटिश सैन्यातील गुरखा सिग्नल्स दलाने आपल्या जवानांसाठी एक सराव योजला. चार-चार जणांच्या तुकड्यांनी डोंगरांतून जाणारी शंभर किलोमीटरची 'मॅक्लेहोज ट्रेल' ही पायवाट चालून जायची आणि त्या निमित्ताने लोककल्याणासाठी निधी जमवायचा, असे त्याचे स्वरूप होते. १९८६ पासून सामान्य नागरिकांनाही त्यात भाग घेता येऊ लागला आणि ऑक्सफॅम ही संस्था आयोजनात सहभागी झाली. 'ट्रेलवॉकर' या नावाने ओळखला जाणारा हा उपक्रम पुढे इतर देशांतही पोहोचला. भारतात बंगळूरूजवळ आणि महाराष्ट्रात कर्जतच्या परिसरात तो काही वर्षे झाला.

या उपक्रमाचा एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. चार जणांच्या तुकडीने एकत्र चालायचे असते. त्यातील एखादा थकला तर बाकीच्यांनी त्याला मागे टाकून पुढे धावणे अपेक्षित नसते. एकट्याच्या पराक्रमाला येथे फारसे मोल नाही. चौघांतील सर्वांत मंद चालणाऱ्याची गती हीच साऱ्या तुकडीची गती ठरते.

लहान-लहान रकमा अनेकांकडून गोळा करण्याची रीत मात्र आपल्याला परकी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' या कल्पनेचा महाराष्ट्रात प्रसार केला. प्रत्येकाने अगदी थोडे द्यावे, पण सर्वांनी द्यावे, हे तिचे सूत्र होते. अशा निधीतून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काच कारखाना उभा राहिला. मोठ्या धनिकाच्या एका देणगीतूनही कारखाना निघू शकला असता. परंतु पैसा-पैसा देणाऱ्या हजारो माणसांना तो आपला वाटला असता की नाही, याची शंकाच आहे.

भिलाईच्या आसपासही असे उदाहरण आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथील कंत्राटी खाणकामगारांनी १९८३ मध्ये 'शहीद हॉस्पिटल' उभारले. कामगारांच्या एका नेत्या स्त्रीचा बाळंतपणात योग्य उपचारांअभावी मृत्यू झाला होता. त्या दुःखातून स्वतःचे रुग्णालय असावे ही निकड निर्माण झाली. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटनेने ती मनावर घेतली. रोजंदारीवर राबणाऱ्या माणसांनी वर्गणी दिली, श्रमदान केले आणि भिंती उभ्या केल्या. डोंगर फोडून पोट भरणाऱ्यांनी आपल्याच हातांनी आपले रुग्णालय बांधले. मदतनिधीचा विचार करताना हे उदाहरण डोळ्यांसमोर असावे. मदत घेणारा माणूस दुबळा असतो आणि देणारा थोर, हा समज त्यामुळे दूर होतो.

प्रथम कार्य ठरवावे, मग डोंगर

अनेक मंडळांत आधी डोंगर ठरतो, तारीख ठरते आणि मग "पैसे कोणाला द्यायचे?" असा प्रश्न निघतो. हा क्रम उलटा आहे. कोणत्या कामासाठी, किती आणि का, हे निश्चित झाल्याशिवाय कोणापुढेही हात पसरू नये.

एव्हरेस्टवर १९५३ साली तेनसिंग नोर्गे यांच्यासह पोहोचलेले एडमंड हिलरी पुढे शेर्पा लोकांसाठी काम करू लागले. त्यांना काय हवे आहे, असे त्यांनी शेर्पांनाच विचारले. उत्तर आले, "मुलांसाठी शाळा." १९६१ मध्ये नेपाळमधील खुमजुंग येथे शाळा सुरू झाली. आपण काय देऊ इच्छितो यापेक्षा समोरच्याला कशाची गरज आहे, हे विचारणे किती महत्त्वाचे असते, ते यावरून दिसते.

समजा, भिलाईतील एखाद्या मंडळाला सिकलसेल या आजाराच्या रुग्णांसाठी काही करावयाचे आहे. छत्तीसगढ आणि विदर्भ या दोन्ही प्रदेशांत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशींना विळ्यासारखा आकार येतो, रक्तप्रवाहाला अडथळा होतो आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. या आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय अभियान सुरू केले. अशा वेळी मंडळाने प्रथम या क्षेत्रात काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे अथवा रुग्णालयाकडे जावे. सरकारकडून काय मिळते आणि काय अपुरे पडते, हे विचारावे. कदाचित औषधे पुरेशी असतील, पण दूरच्या खेड्यातून तपासणीसाठी येणाऱ्या रुग्णाला प्रवासखर्च परवडत नसेल. मग "सिकलसेलग्रस्तांना मदत" असे मोघम आवाहन करण्याऐवजी "इतक्या रुग्णांच्या वर्षभराच्या प्रवासखर्चासाठी इतके रुपये" असे स्पष्ट आवाहन करता येईल. देणाऱ्याला आपला शंभर रुपयांचा वाटा कोठे जाणार हे कळते, आणि पुढे त्याबद्दल प्रश्न विचारण्याचा अधिकारही मिळतो.

आवाहनात रुग्णांची छायाचित्रे आणि नावे छापण्याचा मोह टाळावा. गरज सांगण्यासाठी कोणाचे दुःख भिंतीवर टांगावे लागत नाही.

चालण्यापेक्षा थेट देणगी का नको?

हा प्रश्न कोणी ना कोणी विचारणारच, आणि तो योग्यही आहे. वीस जणांनी प्रवासावर, जेवणावर खर्च करून डोंगर चढण्यापेक्षा तेच पैसे सरळ का देऊ नयेत?

याचे उत्तर हिशेबातच शोधावे लागेल. समजा, वीस जण सहभागी झाले. प्रत्येकाचा गाडीभाडे, नाश्ता व जेवणाचा खर्च ३५० रुपये आला, म्हणजे एकूण ७,००० रुपये. प्रत्येकाने दहा ओळखीच्या माणसांकडून शंभर-शंभर रुपये जमवले, तर निधी होतो २०,००० रुपयांचा. हा खर्च निधीतून केला, तर कार्यासाठी केवळ १३,००० रुपये उरतील. तोच खर्च चालणाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून केला, तर २०,००० रुपये संपूर्णपणे कार्याला मिळतील. शिवाय दोनशे माणसांपर्यंत त्या कार्याची माहिती पोहोचेल. वीस जणांनी केवळ आपापले ३५० रुपये दिले असते, तर ७,००० रुपये जमले असते आणि ही गोष्ट वीस जणांतच राहिली असती.

म्हणून पहिला दंडक असा: चालणाऱ्याचा खर्च चालणाऱ्याने करावा. ज्याला तो परवडत नाही, त्याचा वाटा मंडळातील इतरांनी उचलावा. पण निधीला हात लावू नये. या दंडकाचा विसर पडला तर ती दात्यांच्या पैशांनी काढलेली सहल ठरते.

संकल्प शिखराशी बांधू नये

निधी जमवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एकीत दाता ठरावीक रक्कम देतो. दुसरीत तो दर किलोमीटरमागे अथवा शिखर गाठल्यावर अमुक रक्कम देण्याचे कबूल करतो. दुसरी पद्धत आकर्षक वाटते, तिच्यात स्पर्धेची रंगत असते. परंतु तिच्यात एक धोका दडलेला आहे. गुडघा दुखू लागला आहे, आकाश भरून आले आहे, परतणे शहाणपणाचे आहे, पण मन म्हणते, "आणखी दोन किलोमीटर चाललो तर चाळीस रुपये वाढतील." सत्कार्याच्या ओढीने माणूस असा निर्णय घेतो, जो एरवी त्याने कधीच घेतला नसता. गटातील इतरांनाही त्याला थांबवणे जड जाते.

यासाठी देणगी डोंगर चढून जाण्याच्या अटीवर स्वीकारू नये. आवाहनपत्रात स्पष्ट लिहावे की हवामान, प्रकृती किंवा अन्य कारणाने गट अर्ध्या वाटेतून परतला तरी जमलेला निधी पूर्णपणे कार्यालाच जाईल. असे लिहिल्याने प्रमुखाला योग्य वेळी "मागे फिरा" असे सांगण्याचे बळ येते. डोंगर पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे.

वाट, ऋतू आणि परवानगी

भिलाई सपाट मैदानावर वसलेले शहर आहे. येथील माणसाला रोजच्या जीवनात चढ-उताराची सवय नसते. म्हणून पहिल्या वर्षी परिचित, मळलेली आणि एका दिवसात परतता येईल अशी वाट निवडावी. डोंगरगडच्या पायऱ्या किंवा गावाजवळची एखादी टेकडी नवख्यांना पुरेशी आहे. मैकल पर्वतरांगेतील वनवाटा आणि बस्तरमधील बैलाडिलासारखे डोंगर अनुभव आल्यानंतरचे.

ऋतूचा विचार महत्त्वाचा. उन्हाळ्यात येथील तापमान अनेकदा पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते. त्या दिवसांत सामूहिक चढाईचा विचारही करू नये. पावसाळ्यात खडक निसरडे होतात आणि विजेचे भय असते. मोहाची फुले गळू लागली की अस्वले ती खाण्यासाठी जंगलाच्या कडेला येतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. मात्र या दिवसांत अंधार लवकर पडतो. डिसेंबरमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, हे लक्षात घेऊन वेळ आखावी.

वेळेचा अंदाज करण्यासाठी स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेला आडाखा आजही वापरला जातो. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास, असा तो आडाखा आहे. उदाहरणार्थ, वाट दहा किलोमीटरची असून चढ तीनशे मीटरचा असेल, तर दोन तास अधिक अर्धा तास, म्हणजे अडीच तास होतात. परंतु हा हिशेब न थांबता चालणाऱ्या सराईतांचा आहे. निरनिराळ्या वयाच्या मिश्र गटाने विश्रांती व खाण्यापिण्यासह चार ते साडेचार तास धरावेत.

वाट वनक्षेत्रातून जात असेल तर वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयातून लेखी परवानगी घ्यावी. जवळच्या पोलीस ठाण्याला गटाची संख्या, दिवस आणि मार्ग कळवावा. देवस्थानाच्या परिसरातून जायचे असल्यास तेथील व्यवस्थापनाला पूर्वसूचना द्यावी आणि गर्दीचे दिवस टाळावेत. आयोजकांपैकी किमान दोघांनी नियोजित वाट आधी एकदा स्वतः चालून पाहावी. पाणी कोठे मिळते, सावली कोठे आहे, मोबाईलला संपर्क कोठपर्यंत मिळतो, रुग्णवाहिका कोणत्या ठिकाणापर्यंत येऊ शकते, याची टिपणे करावीत. नकाशावरून हे सारे कळत नाही.

गटाची बांधणी आणि सराव

वीस-पंचवीस जणांहून मोठा गट पहिल्या वेळी नसावा. त्याच्या चार-पाच जणांच्या तुकड्या पाडाव्यात आणि प्रत्येक तुकडीत एक अनुभवी व्यक्ती असावी. संपूर्ण गटाच्या पुढे वाट जाणणारा एक आणि सर्वांच्या मागे एक, असे दोन जबाबदार चालक नेमावेत. पुढच्याच्या पुढे कोणी जायचे नाही आणि मागच्याच्या मागे कोणी राहायचे नाही. मागे चालणारा सर्वांत संयमी असावा. त्याच्या कामाला टाळ्या मिळत नाहीत. पण गटाची सुरक्षितता मुख्यतः त्याच्यावरच अवलंबून असते.

सराव किमान आठ आठवडे आधी सुरू करावा. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास भरभर चालावे, एखाद्या उंच इमारतीचे जिने चढावे-उतरावे आणि रविवारी सर्वांनी मिळून लांब अंतर चालावे. हे अंतर दर आठवड्याला थोडे-थोडे वाढवावे. मोहिमेच्या दिवशी जी पादत्राणे घालायची, तीच घालून आणि जेवढे ओझे न्यायचे, तेवढे पाठीवर घेऊन सराव करावा. नवे बूट प्रथमच डोंगरात घातले की फोड ठरलेलेच.

ज्यांना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा दमा आहे, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सिकलसेलच्या रुग्णाला अतिश्रम आणि शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे वेदनांचा झटका येऊ शकतो. त्याने आपल्यासाठी निघालेल्या मोहिमेत डोंगर चढलाच पाहिजे, असा आग्रह कोणी धरू नये. तो पायथ्याशी थांबून नावांची यादी सांभाळू शकतो, पावत्या लिहू शकतो, आवाहनाचा मसुदा तपासू शकतो. वयोवृद्धांनाही अशी कामे द्यावीत. नवरात्रातील मांडवांप्रमाणे येथेही न चालणाऱ्यांचा वाटा तितकाच मोलाचा असतो.

पैशाचा कारभार

सत्कार्याच्या नावाने जमवलेल्या पैशाबाबत शंका येणे स्वाभाविक आहे. शंका घेणाऱ्यावर रागावू नये. शंकेला जागाच उरणार नाही अशी व्यवस्था करावी.

सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे पैसे मंडळाच्या हाती न घेता दात्याने ते थेट संस्थेच्या बँक खात्यात भरावेत आणि मंडळाने केवळ नोंद ठेवावी. मोबाईलवरून पैसे भरण्याचा चौकोनी संकेत, ज्याला आपण क्यूआर कोड म्हणतो, तोही संस्थेच्याच खात्याचा असावा. कोणा व्यक्तीच्या खासगी खात्याचा कदापि नसावा. रोख रक्कम घ्यावीच लागली, तर क्रमांक छापलेले पावती पुस्तक वापरावे, पावतीची स्थळप्रत जपून ठेवावी आणि रक्कम दुसऱ्या दिवशीच बँकेत भरावी. पैसे घेणारा आणि हिशेब लिहिणारा एकच माणूस नसावा. हा अविश्वास नव्हे. यामुळे दोघांवरही उगाच आळ येत नाही.

नोंदवहीत 'कबूल' आणि 'जमा' असे दोन स्वतंत्र रकाने असावेत. उत्साहाच्या भरात कबूल केलेली प्रत्येक रक्कम प्रत्यक्षात येतेच असे नाही. कबूल रकमेचा आकडा जाहीर करून मग कमी निधी सुपूर्द करावा लागला, तर मंडळाची नाचक्की होते. जाहीर करायचा तो आकडा जमा रकमेचाच असावा.

काही कायदेशीर बाबी ध्यानात ठेवाव्यात. आयकरात सवलत अपेक्षिणाऱ्या दात्याने संस्थेला तशी मान्यता आहे की नाही ते आधी पाहावे; दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही. परदेशी नागरिकांकडून किंवा परदेशी संस्थांकडून देणगी घेण्यासाठी केंद्र सरकारच्या गृह मंत्रालयाची नोंदणी अथवा पूर्वपरवानगी लागते. साध्या मंडळाने त्या फंदात पडू नये. कारखाने आणि दुकाने यांच्याकडून मदत घेताना टोप्या, पाणी, फळे अशा वस्तूंच्या रूपाने ती घेणे सोयीचे पडते. त्यामुळे चालणाऱ्यांचा खर्च हलका होतो.

प्रत्यक्ष चालण्याचा दिवस

निघण्यापूर्वी नावांची यादी वाचून हजेरी घ्यावी. यादीची एक प्रत पुढच्या चालकाजवळ, एक मागच्याजवळ आणि एक पायथ्याशी थांबणाऱ्याजवळ असावी. प्रत्येकाच्या नावापुढे घरच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक आणि काही आजार असल्यास त्याची नोंद असावी. प्रत्येकाजवळ किमान दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, टोपी, शिट्टी आणि विजेरी असावी. दिवसा परतायचे असले तरी विजेरी घ्यावीच.

प्रथमोपचार पेटीत पट्ट्या, जंतुनाशक मलम, कापूस आणि जलसंजीवनीच्या पुड्या असाव्यात. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून पेय तयार करता येते. त्यासाठी चहाचा लहान चमचा वापरावा. चक्कर, छातीत दुखणे, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसताच चालणे थांबवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेला कळवावे. मधमाश्यांची पोळी असलेल्या कड्याखाली धूर करू नये, आरडाओरडा करू नये, उग्र अत्तरे लावू नयेत.

दर तासाला थोडे थांबून डोकी मोजावीत. परतीची एक वेळ आधीच ठरवावी. त्या वेळेपर्यंत माथा आला नसला तरी मागे फिरायचे, हे सर्वांना सकाळीच सांगून ठेवावे. उतरताना विशेष जपावे. पाय थकलेले असतात आणि मन मात्र घरी पोहोचलेले असते. सोबत नेलेला कचरा सोबतच परत आणावा. एका कार्यासाठी मदत करताना दुसरीकडे डोंगर घाण करणे शोभत नाही.

शेवटचे काम

माथ्यावर छायाचित्रे काढून झाली की बहुतेकांना मोहीम संपल्यासारखे वाटते. आयोजकांचे काम मात्र अजून बाकी असते. पंधरा दिवसांच्या आत सर्व जमा-खर्चाचा तक्ता तयार करावा. पावती क्रमांक कोठून कोठपर्यंत वापरले, रोख किती, बँकेतून किती, कबूल असून न आलेली रक्कम किती, संस्थेला दिलेली रक्कम किती, हे त्यात असावे. चालणाऱ्यांनी स्वतः केलेला खर्चही वेगळा दाखवावा. संस्थेच्या पोचपावतीची प्रत जोडून हा तक्ता मंडळाच्या फलकावर लावावा आणि प्रत्येक दात्याला पाठवावा. दहा रुपये देणाऱ्यालाही तो मिळाला पाहिजे. सहा महिन्यांनी संस्थेकडून त्या पैशाचे काय झाले हे विचारून तेही सर्वांना कळवावे. पुढच्या वर्षी दारात उभे राहाल, तेव्हा हीच तुमची ओळख असेल.

भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला आणि १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्याच्या निमित्ताने देशाच्या अनेक प्रांतांतून माणसे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. निरनिराळ्या भाषा बोलणारी ही माणसे एकाच सेक्टरमध्ये शेजारी-शेजारी राहू लागली. अशा गावात एका मंडळाने काढलेल्या पदयात्रेत दुसऱ्या भाषेचा शेजारी सहज सामील होऊ शकतो. दम लागल्यावर सर्वांची भाषा एकच होते, आणि पाण्याची बाटली पुढे करणाऱ्याचे आडनाव कोणी विचारत नाही.

सायंकाळी पायथ्याशी बसलेला माणूस यादीवर खुणा करीत असतो. मागचा चालक शेवटच्या थकलेल्या सोबत्यासह येऊन पोहोचतो आणि शेवटच्या नावापुढे खूण होते. काही दिवसांनी कोषाध्यक्ष नोंदवहीत शेवटची पोचपावती चिकटवतो. या दोन्ही खुणा झाल्यावरच मोहीम पूर्ण झाली असे म्हणावे.